साडेआठची नोंद

"हात डोक्यावर नेऊन दाखवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पारासाहेबांनी उजवा हात उचलला. तो खांद्याच्या रेषेपर्यंत गेला आणि थबकला. डाव्याने तेवढाही मान राखला नाही.

"मग केस कोण विंचरतं?"

"विंचरण्याजोगं फारसं उरलेलं नाही. जे आहे ते ही विंचरते." त्यांनी मानेनेच शेजारी बसलेल्या पत्नीकडे निर्देश केला.

"शर्टसुद्धा मीच चढवते यांना," ती म्हणाली. "सकाळी बिछान्यातून उठून बसायचं म्हणजे पाऊण तासाचं काम. आणि दुपारी बघाल तर माणूस ठणठणीत. मला आधी वाटलं, सोंगच आहे."

"किती दिवस चाललंय हे?"

"दीड महिना," पारासाहेब म्हणाले. "पहिले अकरा दिवस फार वाईट होते. आता निदान भिंत धरून उठता येतं."

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे अहवाल पुन्हा चाळले, मांड्या आणि खांदे दाबून पाहिले आणि आजाराचं नाव सांगितलं: पॉलिमायल्जिया रुमॅटिका. पारासाहेबांनी त्याचा अर्थ विचारला. पुष्कळ स्नायूंचं दुखणं, एवढाच तो निघाला. म्हणजे त्यांनी जी तक्रार साध्या भाषेत केली होती, तीच त्यांना परक्या भाषेत परत मिळाली होती.

"स्टेरॉइड सुरू करू. रोज सकाळी खाऊन झाल्यावर पंधरा मिलिग्रॅम. तीन दिवसांत फरक पडला, तर निदान बरोबर समजायचं."

"म्हणजे औषध लागू पडलं, की आजार तोच होता असं ठरणार?"

"बऱ्याच अंशी."

"ही पद्धत थोडी उलटी आहे."

"आहे. पण चालते." त्यांनी मग बाकीचं सांगितलं. भूक वाढेल, झोप कमी होईल, चेहरा सुजेल, साखर आणि हाडं यांच्यावर लक्ष ठेवावं लागेल. डोकं एकाएकी फार दुखलं किंवा कमी दिसू लागलं, तर तडक दवाखान्यात यायचं. गोळी मनाने बंद करायची नाही. ती वर्ष-दोन वर्षांत पायरीपायरीने उतरवायची. "आणि मन जरा उसळेल. उगाच आनंद होईल. घाबरू नका."

"यांना आनंद झालेला मला कळेल तरी का, हाच प्रश्न आहे," पत्नी म्हणाली.

पारासाहेब हवामान केंद्रावर निरीक्षक होते. केंद्र म्हणजे कुंपण घातलेला गवताचा चौकोन, त्यात पावसाचं माप, वाऱ्याचा बाण आणि माणसाच्या छातीइतक्या उंचीवर बसवलेली झडपांची पांढरी पेटी. पेटीत चार तापमापक. चौकोनाला लागूनच निरीक्षकाचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी पेटीसमोर उघडायची. सकाळी साडेआठला पेटी उघडायची, आकडे वाचायचे, कमाल तापमापक हातात घट्ट धरून दोन-तीन जोरदार हिसड्यांनी पारा खाली उतरवायचा आणि नोंदवहीत लिहायचं. एकोणतीस वर्षं त्यांनी हे केलं होतं. मुख्यालयातल्या लोकांनी त्यांचं नाव पारासाहेब ठेवलं होतं, तरी त्यांचा स्वतःचा पारा चढलेला कुणी पाहिला नव्हता.

त्यांच्याआधी तीन निरीक्षक होऊन गेले. चौघांची मिळून त्र्याण्णव वर्षं, आणि एवढ्या काळात साडेआठचा एकही रकाना रिकामा नव्हता. दुसऱ्या निरीक्षकांना, पाय मोडला तेव्हा, चार गड्यांनी खुर्चीसकट उचलून पेटीपर्यंत आणलं होतं म्हणे. पारासाहेबांना ही गोष्ट रचलेली वाटे. खुर्चीचा पुरावा कुठेच नव्हता. पण त्या दिवशीचा आकडा मात्र वहीत होता.

आणि त्या अकरा दिवसांचेही होते.

त्या अकरा सकाळी साडेआठ वाजता ते बिछान्यात, छताकडे पाहत पडलेले होते. अंग सैल व्हायला अकरा वाजत. मग ते पेटीपाशी जात, अकराचं तापमान वाचत, ढग आणि वारा पाहत, आणि साडेआठला ते किती असायला हवं याचा मागे हिशेब लावत. एकोणतीस वर्षांच्या सवयीने आकडा नेटका येई. तो ते शाईने लिहीत. बदली माणूस मागवता आला असता. पण मागवला असता तर निरीक्षक आजारी असल्याचं वर कळलं असतं, आणि उद्या बरं वाटेल असं त्यांना रोज वाटत होतं.

गोळीच्या तिसऱ्या सकाळी ते कुणाच्याही मदतीशिवाय उठले. शर्ट स्वतः घातला. उरलेले केसही विंचरले. पेटीपाशी त्यांनी कमाल तापमापक उचलून असा हिसडा दिला, की पारा एका फटक्यात खाली आला. निदान बरोबर होतं.

त्याच दुपारी मुख्यालयातून नोंदविभागाच्या बाईंचा फोन आला.

"पारासाहेब, तोंड गोड करा. समितीचा निर्णय झालाय. सगळीकडे आता आपोआप नोंद घेणारं यंत्र बसणार. फक्त ज्या केंद्रांची नोंदींची मालिका अखंड आहे, तिथेच माणूस राहणार. तुमचं केंद्र यादीत आहे. निवृत्तीनंतरही तुम्हालाच ठेवायचं म्हणतायत, घरासकट."

"यादी पक्की केव्हा होणार?"

"दोन महिने आहेत अजून. पण तुमचं काय राहिलंय त्यात? त्र्याण्णव वर्षांत एक रेघ नाही."

फोन ठेवता ठेवता पारासाहेबांनी ठरवलं, की सांगून टाकायचं. निर्णय इतका चटकन आणि इतक्या हलक्या मनाने झाला, की त्यांनाच तो संशयास्पद वाटला. गेल्या दोन दिवसांत त्यांनी पेटीची एकूणएक झडप घासली होती, घरातल्या सगळ्या सुऱ्यांना धार लावली होती, आणि नऊ वर्षं अबोला धरलेल्या धाकट्या भावाला चार पानी पत्र लिहिलं होतं. पत्नीने ते टपालपेटीत टाकायला म्हणून नेलं आणि ओट्याच्या खणात ठेवून दिलं. पंधरा मिलिग्रॅमवर असलेल्या माणसाच्या प्रामाणिकपणाची किंमत किती धरायची?

त्यांनी खिशातल्या डायरीत चार रकाने आखले: तारीख, मात्रा, झोपेचे तास, आणि चौथा, 'सांगावं का?'. चौथ्या रकान्यात रोज संध्याकाळी हो किंवा नाही, एवढंच लिहायचं. मात्रा उतरेल तसं उत्तर टिकतं का, ते पाहायचं.

पंधरावर एकवीस दिवस सलग हो आलं. मात्रा साडेबारावर आल्यावर तीन आठवड्यांत चार वेळा नाही आलं. तोवर चेहरा टोपासारखा गोल झाला होता. दाढी करताना आरशातला गृहस्थ ओळखीचा वाटत नसे. "तब्येत सुधारली," असं लोक म्हणत, आणि ते आभार मानत.

दहावर आल्यावर पाचव्या सकाळी खांदे पुन्हा धरले. मांड्यांत शिसं ओतल्यासारखं झालं. मनावरही कसलं तरी ओझं येऊन बसलं. दुपार उतरली की कशातच अर्थ वाटेना. घर जाईल, या वयात सामान बांधावं लागेल, ही खिडकी जाईल, एवढंच दिसू लागलं. चौथ्या रकान्यात आठ दिवस ओळीने नाही आलं. यादी पक्की व्हायला आता आठवडा उरला होता.

आठव्या संध्याकाळी पत्नी कणीक मळत होती. ते स्टुलावर बसले होते, कारण बुटक्या खुर्चीतून उठता येत नव्हतं.

"प्रयोग संपला," ते म्हणाले. "निष्कर्ष निघाला. प्रामाणिकपणा गोळीचा होता."

"कसला प्रामाणिकपणा? आणि खांदे परत धरलेत, हे डॉक्टरांना कळवलंत का?"

"मध्येच मात्रा वाढली असती तर प्रयोग बिघडला असता."

"धन्य आहे तुमची."

मग त्यांनी अकरा दिवसांचं सांगितलं. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. ती मळतच राहिली.

"ते ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"कसं?"

"कसं काय? ही खिडकी आहे की. साडेआठला मी इथेच असते. अकरा दिवस पेटी साडेआठला उघडली नाही. मी मोजत होते. बाराव्या दिवशी तुम्ही भिंत धरत धरत गेलात, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला."

"बोलली नाहीस."

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. मला म्हणाला असतात तर मी जाऊन वाचून आले नसते का? आकडेच वाचायचे ना?"

"बाहेरच्या माणसाने उपकरणांना हात लावायचा नाही, असा नियम आहे."

"बाहेरचं माणूस," ती म्हणाली, आणि कणकेवर ओलं फडकं झाकलं.

त्या अकरा सकाळींची प्रत्यक्ष पाहून घेतलेली एकच नोंद अस्तित्वात होती, आणि ती तिच्याकडे होती.

"कळवलं तर घर जाईल," ते म्हणाले.

"जाईल. मला का आवडणार आहे ते? पण राहिलं, तर या खिडकीत उभं राहून मला रोज त्या पेटीकडे बघायचंय. तुम्हीसुद्धा बघणार. काय ते ठरवा."

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडताच त्यांनी मुख्यालयाला फोन लावला. नोंदविभागाच्या बाईंना प्रथम ते थट्टा करतायत असं वाटलं. मग पारासाहेब थट्टा करत नाहीत हे त्यांना आठवलं.

"अहो, पण अकरा दिवसांनी कुणाचं काय बिघडलंय?" त्या अखेर म्हणाल्या. "तुमचा अंदाज तो. फार तर अर्ध्या अंशाने चुकला असेल."

"फार तर तीन दशांश. कदाचित चुकला नसेलही."

"मग?"

"पाहिला नव्हता."

"यादीतून नाव जाईल, साहेब. मी थांबवू शकणार नाही."

"थांबवू नका."

दुसरा फोन त्यांनी डॉक्टरीणबाईंना केला. त्या रागावल्या, आणि उद्यापासून पुन्हा साडेबारा घ्यायला सांगितलं. मग त्यांनी जुनी वही काढली. वहीत खोडरबर चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता यावा. त्यांनी अकरा रेघा मारल्या. प्रत्येकीपुढे 'निरीक्षण नाही' असं लिहून सही केली. हात खांद्यापासून आखडलेला होता, पण टेबलावर टेकवला की अक्षर नेहमीसारखंच येत होतं.

दुसऱ्या सकाळी ते भिंत धरून उठले. साडेबाराची पहिली गोळी न्याहारीनंतर घ्यायची होती, आणि घेतली तरी ती तासाभरात काम करणार नव्हती. पत्नीने शर्टाची पहिली बाही चढवली, मग पाठीमागून फिरून दुसरी. बटणं लावली, पायांत चपला सरकवल्या आणि न विचारताच बरोबर निघाली. गवतातून पेटीपर्यंत सव्वीस पावलं होती. मध्ये ते दोनदा थांबले.

तिने पेटीचं दार उघडलं, आत डोकावून आकडा मोठ्याने वाचला. त्यांनी तो लिहिला नाही. पेटीची कड धरून ते हळूहळू वाकले, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणला आणि स्वतः पाहिला. बरोबर होता. चारही तापमापक तसेच पाहून झाल्यावर त्यांनी कमाल तापमापक उचलून तिच्या हातात दिला.

"घट्ट धर. कोपर सरळ. खाली हिसडा द्यायचा."

"एकोणतीस वर्षं बघतेय," ती म्हणाली, आणि दोन हिसड्यांत पारा उतरवला.

तिने दार लावलं. त्यांनी वही पेटीच्या कडेला टेकवून आकडे लिहिले. मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं. वेळेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत साडेआठच होतं. त्याखाली त्यांनी आठ चौतीस लिहिलं.