पाहुण्यांआधीची झाडलोट

राजधानी सुवाहून पाहणीचा साहेब गुरुवारी येणार, असा निरोप आला आणि विलिसीला वाटलं, सुटलो एकदाचे. तीन वर्षं अर्ज करून करून गावाचे हात दुखले होते. दर उधाणाला समुद्र सरळ घरात शिरायचा, चूल विझवायचा आणि तिचा नवरा आपेनिसा पलंगावर अडकून पडायचा. साखरेच्या आजारानं त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून गेलेला. पळणार कुठे बिचारा? पलंगाखाली तिनं सिमेंटच्या विटा रचल्या होत्या, दर वर्षी एक थर जास्त. यंदा पलंग तिच्या छातीला लागत होता. डोंगरावर ज्यांना नवी घरं मिळणार त्या गावांच्या यादीत नाव लागलं, तरच यातून सुटका होती. आणि यादी महिनाअखेर बंद होणार होती.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? चिखल तसाच ठेवला असता. पण पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्याकडे चिखल ठेवतात होय?

विलिसी गावच्या महिला मंडळाची प्रमुख. बुधवारी तिनं एकूण एक बाईच्या हाती खराटा दिला. अंगणातला गाळ टोपल्यांनी बाहेर गेला, ओल्या जमिनीवर कोरडी पांढरी वाळू पडली, सभागृहात नव्या चटया आल्या. लोसालिनी म्हणून एक तोंडाळ बाई आहे, ती म्हणाली, "अगं, साहेब चिखलच बघायला येतोय ना? मग दाखवू की."

"पाहुण्याला चिखलात बसवतेस? तुझ्या माहेरी बसवत असतील," विलिसीनं तिला गप्प केलं.

तिच्या स्वतःच्या भिंतीवर पाण्यानं ओढलेली गाळामिठाची रेघ होती. तीही तिनं काथ्यानं घासून काढली.

गुरुवारी साहेब आला. एपेली त्याचं नाव, पोरगेलासा, लाजाळू. रीतीप्रमाणे टाळी वाजवून त्यानं पाहुण्याला देतात त्या यंगोना पेयाची करवंटी एका दमात रिकामी केली, मग वही उघडली. "पाण्याचा त्रास कितपत आहे?"

गावप्रमुख इसिरेली खाकरला. "येतं पाणी, जातं पाणी. देवाची कृपा आहे. तुम्ही आधी जेवून घ्या."

विलिसी दाराशी बायकांत बसली होती. प्रमुख बोलला की त्यावर बायकांनी बोलायचं नसतं. असू दे, घरी तर येईलच, असं म्हणून तिनं मनाची समजूत घातली.

आलाही. आपेनिसा इस्त्रीचा सदरा घालून पलंगावर ताठ बसला होता. एपेलीनं विचारलं, "काका, पलंग एवढा उंच का हो?"

"वारा चांगला लागतो," आपेनिसा हसून म्हणाला.

विलिसीनं ताट पुढे केलं. पाहुण्यासमोर नवऱ्याला खोटं पाडायचं तरी कसं? एपेलीनं स्वच्छ भिंतीचा फोटो काढला आणि निघाला.

तिनं त्याला होडीपाशी गाठलं. "साहेब, खोटं बोलले ते. गुडघ्याएवढं पाणी येतं घरात."

"मावशी, मीही बेटावरचाच. मला का कळत नाही?" त्यानं मान खाली घातली. "पण कचेरीत फोटो लागतो. पाण्याचा, नाहीतर पाण्याच्या खुणेचा. आणि तोही आम्हीच काढलेला."

"खूण मीच पुसली रे. शनिवारी उधाण आहे, तोवर थांब."

"शनिवारपर्यंत अजून तीन गावं करायचीत. तिथेही आत्ता झाडलोटच चालू असेल."

शनिवारी सकाळी पाणी आलं. नवी चटई तरंगत दाराबाहेर गेली. विलिसी पलंगावर चढून आपेनिसाशेजारी पाय वर घेऊन बसली. राग आला होता तिला, त्याचा आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"लागतोय का वारा?"

"एक पाय गेलाय माझा," तो हळूच म्हणाला. "परक्यासमोर रडायचं तेवढं राहू दे."

विलिसीनं त्याच्या अंगावर कोरडी चादर ओढली.

दुपारी इसिरेली चिखल तुडवत खिडकीशी आला. यादी मंजूर करणारी मोठी माणसं मंगळवारी याच बाजूला येणार होती, आणि एपेलीनं गळ घालून त्यांना जेवायला या गावाकडे वळवलं होतं. "आणि एपेली अजून एक म्हणाला," इसिरेली डोकं खाजवत म्हणाला, "मावशीला सांगा, या वेळी भिंतीला हात लावू नका."

विलिसीनं हात लावला नाही. जमीन सारवली, दुसरी चटई आणली, फुलं ठेवली, पण पाण्यानं खिडकीखाली पुन्हा ओढलेली मळकट रेघ तीन दिवस तशीच ठेवली. येताजाता ती डोळ्यांत खुपायची. लोसालिनी मुद्दाम बघायला आली आणि म्हणाली, "शिकलीस बाई."

मंगळवारी होडी लागली. सभागृहातून बायकांचं स्वागतगीत ऐकू आलं, मग वाळूवर पावलं. विलिसीनं दारातून पाहिलं. पांढरेशुभ्र कपडे घातलेली एक परदेशी बाई पुढे होती, मागे दोन पुरुष आणि एपेली. विलिसीनं वळून घरात पाहिलं. चटई नवी, फुलं ताजी, आपेनिसाचा सदरा कडक. आणि भिंतीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, तो मळ. आयुष्यभर एकाही पाहुण्यानं तिच्या घरात मळ पाहिला नव्हता.

रेघ पुसायला मिनिटही लागलं नाही.

बाई आत आली आणि घर किती सुंदर ठेवलंय म्हणाली. एपेलीनं आधी भिंतीकडे पाहिलं, मग विलिसीच्या हातातल्या ओल्या फडक्याकडे. विलिसीनं फडकं पाठीमागे घेतलं.

"या, बसा," ती म्हणाली. "आधी जेवून घ्या."