लॉर्डसाहेबांची बस

एडमंड फेअरली आयर्लंडला आला तो घर विकायला. वय एकोणतीस. वडील गेल्यावर घराण्याची लॉर्ड ही पदवी त्याच्याकडे आली होती. तिच्यासोबतची जमीन आजोबांच्या काळातच गेली होती. ब्रिटिश सैन्यात तो कॅप्टन होता, नुकताच बाहेर पडला होता, आणि पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं. तेवढ्यात आत्याने वॉटरफोर्डजवळच्या खेड्यातलं आपलं घर त्याच्या नावे केल्याचं कळलं. विकण्याआधी पन्हळ साफ करावी म्हणून तो शिडीवर चढला आणि घोटा मोडून घेऊन खाली आला.

प्लास्टरमुळे गाडी चालवता येईना, आणि गावातून हॉस्पिटलकडे बस नव्हती. तपासणीच्या दिवशी तो कुबड्या घेऊन रस्त्याच्या कडेला, लिफ्ट मागायला अंगठा दाखवत उभा राहिला. तिथे मफलर गुंडाळलेले एक मिशाळ गृहस्थ आधीच उभे होते. पद्माकर जगदाळे, मराठा लाइट इन्फंट्रीचे निवृत्त सुभेदार, मूळचे कराडकडचे. मुलगी केतकी त्याच हॉस्पिटलात डॉक्टर होती, तिच्याकडे ते काही महिन्यांसाठी आले होते. ती डबा घरी विसरली होती, तो पोचवायला ते निघाले होते.

"पाय कशाने गेला?" त्यांनी आपल्या फौजी इंग्रजीत विचारलं.

"शिडीवरून पडलो. सैन्यात असताना कधी काही झालं नाही."

"कोण होता तुम्ही?"

"कॅप्टन."

सुभेदारांनी डबा डाव्या हातात घेतला आणि कडक सॅल्यूट ठोकला. एडमंडला कुबड्यांमुळे उलट सॅल्यूट करता येईना. दोघंही हसायला लागले.

नंतर दर आठवड्याला ते तिथे भेटू लागले. कधी डायलिसिसला जाणारे आजोबा असायचे, कधी पोटुशी बाई. आल्यागेल्या गाडीवाल्याच्या मर्जीवर सगळे. प्लास्टर निघालं तोवर एडमंडने घरावरची विक्रीची पाटीही काढून टाकली होती.

"जूनमध्ये कौन्सिलची निवडणूक आहे. मी उभा राहतोय," एका संध्याकाळी त्याने केतकीच्या स्वयंपाकघरात सांगितलं. "ही बस व्हायला हवी."

"तुम्हाला इथे उभं राहता येतं?" केतकीने विचारलं.

"इथे राहणाऱ्या कुणालाही येतं."

"आणि लोक मतं देतील?"

"बहुधा नाही," एडमंड म्हणाला आणि दुसरं थालीपीठ घेतलं.

प्रचारात तो अगदीच कच्चा निघाला. दार उघडलं की सावधानमध्ये उभं राहायचं, बसबद्दल चार वाक्यं बोलायची, आभार मानायचे आणि वळायचं. दोन दिवस सुभेदारांनी हे मागून पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला फाटकातच अडवलं.

"साब, तुम्ही रिपोर्ट देताय. आत जा, बसा. चहा देतील तो प्या. त्यांना बोलू द्या."

त्याने ऐकलं. लोक बोलू लागले. पण मॉसी पॉवर नावाच्या मेंढपाळ म्हाताऱ्याने दारातच हात आडवा धरला.

"तू जी वर्दी घातली होतीस ती या उंबऱ्याच्या आत येणार नाही. माझ्या आज्ज्याने स्वातंत्र्याच्या लढ्यात तुमच्या गोळ्या खाल्ल्यात."

"समजलं," एडमंड म्हणाला. त्याने वाद घातला नाही.

"हे मात्र आत येऊ शकतात," मॉसीने सुभेदारांकडे बोट दाखवलं.

सुभेदार आत चहा पीत बसले, कॅप्टन बाहेर भिजत राहिला. थोड्या वेळाने त्याला घरामागच्या मेंढ्यांच्या वाड्याचं फाटक वाऱ्याने उघडलेलं दिसलं. मेंढ्या एकेक करून रस्त्यावर निघाल्या होत्या. तो धावला. ओरडण्याचा आवाज ऐकून आतले दोघं बाहेर आले, तेव्हा बाकीच्या मेंढ्या परत वाड्यात होत्या, आणि लॉर्ड फेअरली कमरेपर्यंत चिखलाने माखून, एक लठ्ठ मेंढी छातीशी धरून उभा होता. मेंढी पाय झाडत होती.

मॉसी हसत सुटला. मग हसता हसता त्याला खोकला आला.

"कोट बाहेर काढ," तो म्हणाला. "बाकीचा आत ये."

चहा झाला. आज्ज्याची गोष्ट एडमंडने पूर्ण ऐकून घेतली. निघताना मॉसी म्हणाला, "माझा पुतण्याही उभा आहे, पहिलं मत त्याला. दुसरं-तिसरं बघू."

इथे एका भागातून अनेक जण निवडून येतात, मतपत्रिकेवर पसंतीचे क्रमांक लिहितात, आणि बाद झालेल्यांची मतं पुढच्याकडे जातात. मोजणीच्या दिवशी एडमंड सकाळी मागे होता, दुपारीही मागेच होता. मग पुतण्या बाद झाला आणि त्याची मतं भराभर एडमंडच्या खात्यात पडू लागली. शेवटच्या जागेवर तो निवडून आला. नाव पुकारलं तेव्हा त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना. सैन्यात पदक मिळालं होतं तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता, असं त्याने नंतर केतकीला सांगितलं.

सुभेदारांचा व्हिसा संपत आला होता. विमानाच्या आदल्या दिवशी केतकीच्या मैत्रिणीकडे, राजधानीच्या उपनगरात क्लोनडॉकिनला जेवण ठेवलं. एडमंड मुद्दाम आला. पुण्या-नागपूरची पंधरा-वीस माणसं जमली होती. हा उंच गोरा कोण, असं कुणीतरी विचारलं.

"हे आमचे मेंबर," सुभेदार म्हणाले.

एडमंडने केतकीकडे पाहिलं. गावच्या पंचायतीत निवडून आलेल्याला आमच्याकडे असं म्हणतात, तिने सांगितलं. "लॉर्डपेक्षा हे बरं आहे," तो म्हणाला, आणि पानात वाढलेली मिरची भाजी समजून अख्खी खाल्ली. पाणी, ताक, परत पाणी अशी सगळ्या घराची धावपळ झाली.

बस पुढे ऑक्टोबरात सुरू झाली, वर्षभराच्या चाचणीवर. बावीस आसनांची, हिरवी. पहिल्या फेरीला ती गच्च भरली, आणि आमच्या मेंबरांना हॉस्पिटलपर्यंत उभं राहून जावं लागलं.