आठ किलोमीटरची ऊब

"साडेपंचवीस!" मी मोबाइल टेबलावर ठेवत म्हणालो. "शंभर किलोमीटरला साडेपंचवीस युनिट. तेही उणे एकोणीसमध्ये. आन्सगार, चष्मा लाव आणि वाच."

आन्सगारने वाचलं नाही. त्याने वॅफलवर तपकिरी चीजचा आणखी एक काप ठेवला आणि पेट्रोलपंपावरच्या त्या कॉफीच्या टेबलाशी बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आणि कंपनीच्या पुस्तकात काय लिहिलंय? एका चार्जवर सहाशे किलोमीटर जाते म्हणे ही राणीसाहेब?"

"ते उन्हाळ्यातलं."

"आपल्याकडे उन्हाळा असतो होय? कोणत्या वारी?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण त्या दिवशी मला हसणं परवडत होतं. "पाय लागतो, पाय. चढावर घाई नाही, उतारावर ब्रेक नाही. बत्तीस वर्षं टॅक्सी चालवतोय मी."

"तुझा पाय हलका नाही तूरलाइफ, डोकं हलकं आहे. मासळीच्या गावात कुणी पाठ चेपून देणाऱ्या सीटची गाडी टॅक्सीला लावतं का?"

आन्सगार चाळीस वर्षं समुद्रावर होता. डिझेलच्या वासाशिवाय चालणाऱ्या कुठल्याही वस्तूवर त्याचा विश्वास नाही. त्याला उत्तर देण्यात अर्थ नव्हता, पण माझ्याकडे उत्तर होतं. ही लांबलचक, काचेच्या छताची, विजेवरची गाडी मी मिरवायला घेतली नव्हती. म्हणजे थोडी मिरवायलाही घेतली होती, खोटं कशाला बोलू. पण मुख्य कारण हाल्दिसमावशी.

हाल्दिसमावशी एकोणऐंशी वर्षांची. माझ्या आईबरोबर गावातल्या मासळीच्या कारखान्यात अडतीस वर्षं सुरी चालवली तिने. दोघी एकाच फळीशी उभ्या असायच्या. आई गेली, कारखाना बंद पडला, मावशीची मुलं ऑस्लोला गेली ती तिकडचीच झाली आणि मग तिच्या मूत्रपिंडांनीही काम सोडलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. रुग्णालय पठारापलीकडच्या शहरात, इथून एकशे अठ्ठावन्न किलोमीटर. जाऊन येऊन तीनशे सोळा. सकाळी सहाला निघायचं, चार तास ती यंत्राला जोडलेली असायची, आणि तीनच्या सुमाराला घरी. पैसे सरकार देतं, गाडी कुणाची ते निविदेतून ठरतं.

ती निविदा मी जिंकली ती या गाडीच्या जोरावर. आमच्याकडे घरची वीज स्वस्त. रात्रभर अंगणात चार्जिंगला लावून ठेवली की सकाळी गाडी पूर्ण भरलेली, आणि त्याला जेवढे क्रोनर लागतात तेवढ्यात शहरात माशाचं सूपही मिळत नाही. जुन्या डिझेलला याच फेरीला पंचवीस लिटर लागायचे. म्हणून मी दर इतका खाली लावला की बाकीच्यांनी नाद सोडला. मेख एकच होती. सगळी फेरी घरच्या विजेवर झाली पाहिजे. शहरातल्या जलद चार्जरवर तीच वीज सहापट भावाने मिळते, आणि रुग्णालयाच्या आवारातले चार खांब सकाळी सातलाच डॉक्टरांच्या गाड्यांनी अडवलेले असतात. कडक हिवाळ्यात माझी गाडी एका भरणात तीनशे तीस जाते, कधी दोन-चार कमी. म्हणजे घराच्या दाराशी पोचताना हातात दहा-पंधरा किलोमीटर उरायचे. आम्ही दोघं त्या दहा-पंधरा किलोमीटरवर जगत होतो.

दोघं म्हणतो, कारण मी फेरी सोडली असती तर ती खाडीवरच्या मिनीबसला गेली असती. ती बस प्रत्येक गावात थांबत जाते, एका बाजूला चार तास. डायलिसिसनंतर चार तास बसमध्ये बसणं मावशीला शक्यच नव्हतं. शहरातल्या वृद्धसदनात तिच्यासाठी एक खोली बघून ठेवलेली होती. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो, असं ती एकदा म्हणाली होती. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाडी दिसते.

हे सगळं ठाऊक असून शरद ऋतूत एकदा मी गाडीत कुरकुरलो. "मावशी, शहरात एकदा जरी चार्ज करावं लागलं ना, की त्या दिवशी मी फुकट राबलो समज. असंच चाललं तर मार्चमध्ये कंत्राट सोडावं लागेल." मनात तसं काही नव्हतं. टॅक्सीवाले कुरकुरतातच. त्या दिवसापासून मावशी घरी उतरताना विचारायला लागली, "किती टक्के उरले?" मी सांगायचो, चार, पाच. ती मान डोलवायची आणि काठी टेकत आत जायची. मला वाटायचं, म्हातारीला गाडीची गोडी लागली.

आणि खरंच त्यानंतर आकडा उतरला. सत्तावीसचा सव्वीस, सव्वीसचा साडेपंचवीस. मी पंपावर छाती फुगवून सांगायला लागलो. मधेच एका मंगळवारी आन्सगारला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, तर आकडा एकदम साडेअठ्ठावीस. तो मागे बसून पाठ शेकत, चेपून घेत घोरत होता. मी म्हटलं, "तुझं वजन, दुसरं काय." वजनाने इतका फरक पडत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण आपल्या कौतुकाच्या आड येणारी अक्कल माणूस बाजूला ठेवतो.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी मावशीची तब्येत वाटेतच बिघडली. रुग्णालयाच्या दाराशी परिचारिकेने तिला चाकाच्या खुर्चीत घातलं आणि थेट आत नेलं. मी गाडी लावली, डबा काढला आणि पाय लांब करता येतात म्हणून मागच्या सीटवर जाऊन बसलो. पावाचा दुसरा तुकडा खाताना लक्षात आलं की मला कुडकुडायला होतंय. पुढे ऊब होती, मागे शीतपेटी. दोन सीटांच्या मधला बटणांचा छोटा पडदा बघितला. मागची हवा बंद. सीटची ऊब बंद. काहीतरी बिघडलं म्हणून दाबून पाहिलं, तर सगळं सुरळीत चालू झालं.

परतताना मी आरसा जरा खाली वळवला. शहर सुटून पठाराचा चढ लागला आणि मावशीने उजव्या हातातला लोकरीचा मोजा दातांनी ओढून काढला. एक बोट पुढे केलं. दोनदा दाबलं. मोजा चढवला, गळ्याभोवतीची शाल नाकापर्यंत घेतली आणि डोळे मिटले. आमच्या गावाची पाटी दिसल्यावर तिने तसंच बोट पुढे करून सगळं परत चालू केलं. मग विचारलं, "किती टक्के?"

"सहा," मी म्हणालो.

घरी येऊन मी कागद घेऊन बसलो. मागची ऊब बंद ठेवल्याने एका बाजूला किती वाचतं? आठ किलोमीटर. डायलिसिसवरच्या माणसाला तशीच थंडी जास्त वाजते, हे तिथल्या परिचारिकेने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. ती बाई सगळा हिवाळा, आठवड्यातून तीनदा, जाता दोन तास आणि येता दोन तास गारठून बसली होती. दर खेपेला माझ्या आठ किलोमीटरसाठी.

सूलफ्रीदने, म्हणजे माझ्या बायकोने, सगळं ऐकून घेतलं. ती बटाटे सोलत होती, सोलत राहिली. "म्हणजे पंपावर तुझी शेखी चालली होती ती तिच्या हाडांवर."

"मला काय माहीत?"

"आता झालं ना? मग शहरात चार्ज कर. परवडत नसेल तर सूप पिऊ नकोस."

शुक्रवारी निघण्यापूर्वी मी पुढच्या पडद्यावरून मागची बटणं कुलूपबंद केली. लहान मुलांनी खेळू नये म्हणून तशी सोय असते. उणे बावीस होतं. पठाराचा चढ लागला, मोजा निघाला, बोट पुढे आलं. एकदा, दोनदा, पाच वेळा.

"तूरलाइफ, हे मेलंय."

"मेलं नाही. कुलूप लावलंय."

मग मावशी म्हणाली, "मी काय तीन वर्षांची आहे?"

"मावशी, मला सगळं कळलंय. तू गारठून बसतेस आणि मी गावभर..."

"कुलूप काढ."

"ऐक तरी."

"अडतीस वर्षं बर्फातली मासळी कापली मी. तुझी आई आणि मी. सकाळी बोटं हलेनात म्हणून कोमट पाण्यात बुडवून फळीवर जायचो. तू मला थंडी शिकवतोस?" तिला दम लागला. थांबून ती हळू आवाजात म्हणाली, "तुझ्यासाठी नाही करत मी. माझ्या स्वयंपाकघरासाठी करते. मला तिथंच मरायचंय. तिकीट सरकार देतं, रक्त यंत्र धुतं, जेवण पालिकेची गाडी आणते. मी स्वतः भरावं असं एवढंच उरलंय, आणि तेही तू बंद करतोस."

मी कुलूप काढलं. मागे दोनदा टिक-टिक झालं आणि ऊब बंद झाली. मग मी माझ्या सीटची ऊब बंद केली. स्टिअरिंगची बंद केली. समोरची काच गोठू नये एवढीच हवा ठेवली.

पठारावर वारा होता, बर्फाची पूड रस्त्यावरून आडवी सरकत होती. एवढी महागाची गाडी, मऊ कातड्याच्या सीटा, आणि आत आम्ही दोघं तोंडातून वाफा सोडत बसलेलो. वीस किलोमीटर तसेच गेले.

"तुझे दात वाजताहेत," मागून आवाज आला.

"तुझे नाही वाजत?"

"माझे खोटे आहेत. ते नाही वाजत."

आधी ती हसली की मी, ते आठवत नाही. पण मी इतका हसलो की गाडीचा वेग कमी करावा लागला.

तिला आत सोडलं आणि मी सरळ नदीपलीकडच्या जलद चार्जरवर गेलो. चाळीस मिनिटं उभा राहिलो. पडद्यावर क्रोनरचा आकडा वर चढत होता आणि आश्चर्य म्हणजे मी तो शांतपणे बघत राहिलो. मला आईची फार आठवण आली. मी पोटात असताना तिच्याने उभं राहवायचं नाही, तेव्हा तिच्या वाटणीच्या पेट्याही कुणीतरी भरायचं, असं ती सांगायची. ते कुणीतरी कोण, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या फळीशी दुसरं होतं कोण?

मावशी परत आली ती पिठासारखी पांढरी. बसल्या बसल्या तिने मान पुढे काढून आकडा बघितला. अठ्ठ्याऐंशी.

"चार्ज केलंस."

"केलं."

"म्हणजे आज फुकट राबलास."

"राबलो. आणि काल कंत्राटाचा कागदही पाठवला. पुढची दोन वर्षं, आहे त्याच दराने."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "दोन वर्षं मी टिकेन का पण?"

"तो रकाना कागदात नव्हता."

"वेडा आहेस. तुझी आईपण अशीच होती."

"मावशी," मी म्हणालो, "तुझे फार उपकार आहेत माझ्यावर." आमच्याकडे असं कुणी तोंडावर बोलत नाही. बोलून मी कानापर्यंत लाल झालो असणार.

"बरं बरं. रस्त्याकडे बघ."

मग मागे टिक-टिक झालं. या वेळी चार-पाचदा झालं. आरशात तिने शाल सैल केलेली दिसली, आणि शहराची वेस ओलांडायच्या आत तिला झोप लागली. एवढ्या फेऱ्यांत मावशीला गाडीत खरोखर झोपलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. थंडीत माणूस डोळे मिटतो, झोपत नाही.

तिच्या अंगणात पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. खाडीच्या पलीकडच्या डोंगरावर उन्हाची एक पट्टी उरली होती. मी गाडी थांबवली, पण बंद केली नाही. मावशी तोंड किंचित उघडं ठेवून झोपली होती, गाल लाल झाले होते. तिला उठवायला माझं मन होईना. ऊब चालू होती, वीज जात होती, जाऊ दिली.

चार वाजता आन्सगारला औषधांच्या दुकानात न्यायचं होतं. मी दार न उघडता, तोंडावर हात धरून त्याला फोन लावला. तो पंपावरच बसला होता, मागे कपांचे आवाज येत होते.

"मला उशीर होईल रे. तासभर तरी."

"का? कुठं अडकलास?" आणि मग त्याच्या आवाजात आनंद मावेना. "थांब थांब. चार्ज संपला! संपला ना? राणीसाहेब रस्त्यात बसल्या?"

समोर पस्तीस टक्के दिसत होते.

"हो," मी कुजबुजलो. "संपला."

त्याने ते टेबलाला ओरडून सांगितलं. पलीकडे सगळे हसत सुटले, कुणीतरी दोरखंड पाठवू का म्हणून विचारत होतं. मी त्यांचं हसणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, फोन खिशात ठेवला आणि मावशीची झोप पुरी होईपर्यंत तसाच बसून राहिलो.