एक पेर

पोलीस भरतीसाठी मी एक पेर कमी पडत होते. माझ्या करंगळीचं पेर. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, दाराच्या चौकटीवर भरतीच्या उंचीची खूण करून मोजलेलं. धावण्यात मला कुणी गाठत नव्हतं, पण उंची काही पळून मिळत नाही. मोजणी पुढच्या आठवड्यात होती.

त्या सकाळी धाराशिवच्या क्लासमध्ये सरांनी इंग्रजीतलं 'शूट अप' शिकवलं. वर गोळी झाडणं, असं अख्खा वर्ग म्हणाला. भरतीची पोरं आम्ही, आम्हाला बंदुकीशिवाय दुसरं काय सुचणार. सर हसले. 'शूट' म्हणजे कोंबसुद्धा, म्हणाले, आणि 'शूट अप' म्हणजे भराभर उंच होणं. बऱ्याच दिवसांनी पाहुणे येतात, पोराकडं बघून 'केवढा झालास रे' म्हणतात, ते हेच. भाव भडकले तरी हेच म्हणतात. मी मात्र उंचीपाशीच अडकले.

दुपारी बेंबळीला, आमच्या शेतात आले, तर आप्पा उसाला पाणी देत होते. मी बांधावर आडवी झाले. सरीतलं पाणी पायांना लागत होतं, पाती सळसळत होती, आणि माझा डोळा लागला. पाय मातीत उतरले. गुडघ्यात पेर, कमरेत पेर, मानेत पेर. प्रत्येक पेरावरचा डोळा हळूच उघडला, कोंब फुटला, आणि मी वर, आणखी वर, पार तुऱ्यांच्याही वर गेले. तिथून ढोकीच्या कारखान्याची चिमणी दिसत होती. इतकं बरं वाटत होतं की खाली यावंसंच वाटेना.

आप्पांनी हलवून उठवलं. मी तशीच घरी पळाले आणि चौकटीला पाठ लावली. खूण जिथल्या तिथंच, डोक्यापेक्षा पेरभर वर होती.

मागून आलेल्या आप्पांना मी रडत रडत सगळं सांगितलं, कोंबाचंही आणि स्वप्नाचंही. ते पायांवरच्या चिखलाकडं बघत राहिले.

"बेणंच माझं आखूड हाय. त्याला तू काय करणार?"

म्हणजे माझी उंची आपल्यामुळं खुंटली, हे इतके दिवस ते मनात घेऊन फिरत होते. मला भरतीपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं, आणि रागही आला. मी त्यांना ओढून चौकटीपाशी, माझ्या शेजारी उभं केलं. त्यांनी तळहात आडवा धरून माझ्या डोक्यावरून स्वतःच्या डोक्यावर नेला. सरळ गेला, जराही वरखाली न होता. त्यांनी परत एकदा नेला.

"एवढी कवा झालीस गं?"

भरती हुकणार ती हुकणारच होती. पण सरांनी सांगितलेलं पाहुण्यांचं वाक्य आप्पा बोलले होते, आणि मी त्यांच्या तळहाताखाली ताठ उभी राहिले.