दाढीचा डिंक ओला आहे

मी कोच बोलतोय. बसा, पण जरा बेतानं. कुणी धपकन अंग टाकलं की मी दचकतो, आणि दचकलो की करकरतो. हा दोष जन्मापासूनचा. माझ्या पोटातल्या स्प्रिंगा मोडीत निघालेल्या एका बसच्या सीटमधल्या आहेत. वाटेतला एकही खड्डा त्या अजून विसरलेल्या नाहीत.

माझा जन्म एका सिनेमासाठी झाला. मनाचे डॉक्टर ही जमात जगात नवी नवी होती, त्या काळावरचा सिनेमा. रुग्णाला कोचावर आडवं करायचं, डॉक्टरांनी त्याच्या डोक्यामागे खुर्चीत बसायचं आणि ऐकत राहायचं, ही त्यांची रीत. लोक हसायचे. म्हणायचे, नुसतं ऐकून कुणी बरं होतं का?

सुतारानं मला काटकसरीनं घडवलं. कॅमेऱ्याला दिसणार ती बाजू मखमलीची, न दिसणारी गोणपाटाची. आधी मला फार लाज वाटायची. मग सेटवरची माणसं जवळून पाहिली आणि वाटलं, आपण काही एकटे नाही.

सिनेमातल्या डॉक्टरांचं काम करणारे नट म्हणजे बडं प्रस्थ. सगळे त्यांना साहेब म्हणत, फक्त दिग्दर्शिका बाबा म्हणे, कारण ती त्यांची मुलगी. तिचा हा पहिलाच सिनेमा. पोरगी अगदी माझ्या जातीची. कुणी मागून हाक मारली तरी हातातला चहा सांडायची. 'ॲक्शन' असं म्हणायची, जणू शेजाऱ्याकडे विरजण मागतेय.

आणि अडचण अशी, की बाबांना सगळं यायचं, ऐकणं तेवढं येत नव्हतं.

रुग्ण झालेली नटी माझ्यावर पडून म्हणायची, "डॉक्टर, माझे यजमान माझ्याशी बोलतच नाहीत..."

मागून लगेच बाबा, "मग चार दिवस माहेरी जा! झक मारत बोलतील."

"कट! बाबा, डॉक्टर इथं गप्प आहेत."

"गप्प? अगं, तो डॉक्टर आहे की खांब?"

"तेच तर, त्यांचं ऐकणं हाच..."

"बाळ, तुला नाही कळायचं. बरं, मी नुसतं 'हं' म्हणतो."

पुढच्या खेपेला 'हं'च्या शेपटाला धरून एक अख्खी म्हण बाहेर पडली. त्या झटक्यात डिंकानं चिकटवलेली दाढीही सुटली. मी दचकून करकरलो. ध्वनिमुद्रक कानावरचा हेडफोन आपटून ओरडला, "आधी तो कोच जाळा!"

असं करता करता शेवटचा दिवस उजाडला. निर्माता दारात उभा राहून म्हणाला, "संध्याकाळी सेट मोडणार. डॉक्टरांचा ऐकणारा चेहरा तोवर मिळाला नाही, तर उरलेला सिनेमा दुसरा कुणीतरी करेल." मुलीनं मान हलवली.

त्यात नटीचा घसा बसलेला. कॅमेरा बाबांच्याच चेहऱ्यावर राहणार होता, तेव्हा तिची वाक्यं दिग्दर्शिकेनं स्वतः म्हणायचं ठरवलं.

रंगभूषा करणाऱ्या बाईंना सेटवर दाढीमावशी म्हणत. त्यांनी बाबांची दाढी दाबून बसवली आणि दरडावलं, "साहेब, डिंक नवा आहे. ओला असताना ओठ हलवलेत तर दाढीबरोबर कातडं येईल. मग मला बोल लावू नका."

बाबांनी घाबरून तोंड घट्ट मिटलं. चेहऱ्याला फार जपत ते.

मुलगी माझ्यावर आडवी झाली. तिचं काळीज इतकं धडधडत होतं, की माझ्या स्प्रिंगांना वाटलं बस सुरू झाली.

"डॉक्टर, मला एक स्वप्न पडतं," तिनं सुरुवात केली. इथवर ठरलेलंच होतं. पुढचं तिचं स्वतःचं होतं. "शाळेचं स्टेज आहे. मला कविता पाठ आहे. मी तोंड उघडते, आणि पहिल्या रांगेतून कुणीतरी माझ्या आधी माझी ओळ म्हणतं. मग पुढची. मग सगळीच. लोक टाळ्या वाजवतात. त्याला. मी घरी येते, तर ते म्हणतात, बाळ, छान झाली हं तुझी कविता."

बाबांचा हात उठला. ओठ थरथरले. सगळा सेट त्या दाढीकडे डोळे लावून बसला. हात पुन्हा मांडीवर आला. तोंड मिटलेलंच राहिलं, आणि जे काही बोलायचं होतं ते सगळं डोळ्यांत चढलं.

मी श्वास रोखून धरला होता. माझ्या जन्मात पहिल्यांदाच.

"कट," ती म्हणाली, अगदी हळू.

शेवटी दाढीमावशीच म्हणाल्या, "बोला हो साहेब. डिंक तोच जुना आहे, लावताक्षणी सुकतो."

बाबांनी तोंड उघडलं. आता निदान एक भाषण तरी येणार, म्हणून सगळ्यांनी अंग चोरलं.

"पुढे?" बाबा म्हणाले.

एवढंच. माझा रोखलेला श्वास सुटला आणि मी असा करकरलो, की दिवे धरणारेसुद्धा हसले. ध्वनिमुद्रकानं शिवी दिली नाही. तो नाक पुसत होता.

सेट मोडला, सिनेमा तिनंच पुरा केला. मला मात्र ती घरी घेऊन आली. गोणपाटाची बाजू भिंतीला न लावता खोलीकडे ठेवलीय. संध्याकाळी ती माझ्यावर पाय पसरते, बाबा डोक्यामागे खुर्ची ओढतात. मध्येच त्यांना सल्ला द्यायची उबळ येते, तेव्हा मी मुद्दाम करकरतो. ते दचकून हनुवटी चाचपतात.

तुमच्याही घरी कुणीतरी अर्ध्या वाक्यावर थांबलेलं असेल. त्याचं ऐकायला माझ्यासारखा कोच लागत नाही, खुर्ची चालते. बसा, दाढीचा डिंक ओला आहे असं समजा, आणि फार झालं तर एवढंच म्हणा,

"पुढे?"