खिडकीखालचा धूर

तिनं बाळाचं नाक पुसलं आणि फडक्याचं टोक काळं झालं. एवढ्याशा जिवाच्या नाकात काजळी, जशी जुन्या कंदिलाच्या काचेत.

स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, पूर्वी जिथं बैल बांधत, तिथं ट्रॅक्टर धडधडत होता. सीटवर कुणी नव्हतं. नवरा आणि सासरे आत जेवत होते. शेणाचा वास तिला कधी खुपला नव्हता. हा डिझेलचा मात्र भिंतीला, उशीला, दुधाला चिकटायचा. सायीचं बोट तोंडाशी न्यावंसं वाटत नसे.

"अहो, तेवढा बंद करून जेवत जा ना," वाढता वाढता ती नवऱ्याला म्हणाली.

नवऱ्यानं भाकरीचा तुकडा मोडला. उत्तर सासऱ्यांनी दिलं. "बंद करशील गं, चालू कोण करणार? मागं हँडल उलटं फिरलं, तर तुझ्या नवऱ्याच्या अंगठ्याचं वांगं झालं होतं." ते हसले. हसताना तोंडातला घास दिसला.

हेच ते मामंजी. कंदिलाची वात जरा वर दिसली की अंगणातून ओरडणारे. साबणाचा उरलेला पापुद्रा नव्या वडीला चिकटवणारे. आता डिझेल उभ्या उभ्या जळत होतं, आणि ट्रॅक्टरवाल्यानं हात आखडता घेऊ नये, असं ते आल्यागेल्याला ऐकवत होते.

बाळ खोकलं. तिनं पळी ठेवली, बाळाला कडेवर घेतलं, बाहेर जाऊन तेल तोडायची दांडी ओढली. इंजिन दोन आचके देऊन गप्प झालं.

सासरे उष्ट्या हातानं दारात आले. "कुणी बंद केला?"

"मी."

"का?"

"वात उगीच जळत होती, मामंजी."

आत नवऱ्याला ठसका लागला.

पुढं हँडल फिरवून फिरवून बापलेक घामाघूम झाले. मामंजींनी हाय खाल्ली नाही. शहरातून मिस्त्री बोलावला आणि बॅटरीवर चालू व्हायचं यंत्र बसवून घेतलं. घासाघीससुद्धा केली नाही. "तुझ्या लेकरासाठी केलं हो, सूनबाई," वर हेही.

पण आता बटण होतं, आणि बटण दाबायची हौस होती. पाहुणा आला, दाब बटण. दूधवाला आला, दाब बटण. चालू होताना निघणारा पहिला लोट सगळ्यांत काळा, आणि तो थेट खिडकीशेजारच्या पाळण्यावर यायचा.

एका सकाळी तिनं पाळणा ओढत पुढच्या खोलीत नेला. तिथली मामंजींची खाट स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी आणली, चादर सारखी केली, उशी ठेवली.

"हे काय चालवलंय?"

"तिकडं बाळाला वारा बरा लागतो. आणि तुम्हाला इथनं ट्रॅक्टर दिसत राहील."

दुपारी ते तिथंच आडवे झाले. शेजारचा माणूस ट्रॅक्टर बघायला आला. नवऱ्यानं, वडिलांचीच शिकवण, बटण दाबलं.

मामंजी चहाला आले ते खोकतच. खिशातून रुमाल काढून त्यांनी नाक शिंकरलं. रुमालाकडे बघितलं. मग काळी बाजू आत घालून घडी केली आणि खिशात कोंबली.

"दुधाला वास येतोय," कप खाली ठेवत ते म्हणाले.

"कधीपासनं येतोय," ती म्हणाली.

संध्याकाळी ट्रॅक्टर लांब, बांधावरच्या झाडाखाली उभा होता. तिनं खिडकी उघडली. चौकटीवर हात फिरवला, बोटं बघितली, आणि तसाच हात धरून साबण शोधायला गेली. वडी नवी कोरी होती. तिला पुन्हा जुना पापुद्रा चिकटवलेला होता.