प्रभाबाईंच्या अकरा फेऱ्या

चित्र निवडलं गेलं तर नागेशला मिळणार होती एक भिंत. म्युनिकपासून तासाभरावरच्या त्या जुन्या मठाला नऊशे वर्षं होत होती. त्यानिमित्त मठानं हौशी फोटोग्राफरांकडून मठाचा आणि आसपासच्या शिवाराचा पॅनोरमा मागवला होता. तो भोजनगृहात सहा मीटर लांब लागणार, खाली फोटो काढणाऱ्याचं नाव. बारा वर्षं गिअरबॉक्स बनवून ज्याचं नाव एकाही गाडीवर आलं नाही, त्याला सहा मीटर म्हणजे काय, ते त्याची बायको ऊर्मिलाच जाणे. तीन शनिवार ती थर्मास घेऊन समोरच्या टेकडीवर बसली होती.

तिसऱ्या शनिवारी सगळं जमलं. नासपतीची झाडं फुललेली, ऊन कोवळं. लांबच्या लेन्सनं एकेक तुकडा टिपायचा, ढग सरकायची वाट पाहायची, कॅमेरा जरासा फिरवायचा. असे बेचाळीस फोटो. मिरजेहून आलेल्या त्याच्या सासूबाई, प्रभाबाई, मध्येच म्हणाल्या, "मी जरा खाली देवळात जाऊन येते." नागेशनं मान डोलावली. ऐकलं होतं की नाही, देव जाणे.

घरी फोटो जोडून मोठे केले, तेव्हा मठाच्या चर्चभोवती एक मोहरी रंगाची शाल दिसली. दाराशी. घंटाघराखाली. नासपतीपाशी. भिंतीलगत दोनदा.

"आई, तुम्ही पाच ठिकाणी आहात."

"मग? देऊळ म्हटलं की प्रदक्षिणा आली."

"एक घालायची ना."

"अकरा होत्या. पुसून टाका की मला, नागेशराव. कॉम्प्युटरात सगळं पुसतं म्हणे."

पुसत होतं, पण नियमात जोडायला परवानगी होती, पुसायला नव्हती. आणि रविवारच्या रिकाम्या रस्त्यावरही हिरव्या दिव्यासाठी थांबणारा हा माणूस. पुढच्या शनिवारपर्यंत फुलंही झडणार.

"पाठव तसाच," ऊर्मिला म्हणाली. "हसतील फार तर."

त्यानं पाठवला आणि भिंतीवर पाणी सोडलं.

तीन आठवड्यांनी मठातले साधू, ब्रुडर आन्सेल्म, यांचा फोन आला. "तर श्रीयुत देवस्थळी, बाकी सतरा चित्रांत नुसत्या इमारती आहेत. तुमच्या चित्रात कुणीतरी देवाकडे आलंय. या पाच बहिणी कोण?"

"एकच आहे," नागेश ओशाळून म्हणाला. "माझी सासू. चालत होती."

पलीकडे बराच वेळ हसू ऐकू आलं. "मग तर हेच चित्र लावायचं."

प्रभाबाईंनी बातमी ऐकून हात जोडले. "वाटलंच होतं. चित्र लागू दे म्हणून तर अकरा घातल्या. आणि लागलं तर एकवीस, अनवाणी."

"आई, तुमचा गुडघा."

"माझ्या कुठे? तुमच्या. काम कुणाचं झालं?"

आता लोक त्या चित्रासमोर थांबतात आणि शाली मोजतात. खालचं नाव वाचायला अजून कुणी वाकलेलं नाही. ऑक्टोबरात नागेशनं गार खडीवरून एकवीस फेऱ्या घातल्या. एक फेरी तीनशे चाळीस मीटर, म्हणजे सात किलोमीटर एकशे चाळीस मीटर. हे त्यानं आदल्या दिवशीच काढून ठेवलं होतं. बाकावरून ऊर्मिला मोजत होती, आणि ती चुकू नये म्हणून मिरजेहून व्हिडिओ कॉलवर प्रभाबाई. भिंत मठाची झाली, कौतुक सासूबाईंचं झालं. तळपाय तेवढे जावयाचे गेले.